खांडबाऱ्याच्या बाजारात घेतलेलं नाव

माझं नंदुरबारात कपड्यांचं दुकान आहे आणि त्यातला एकही कपडा मी विकत नाही. भाड्याने देते. शाळांच्या गॅदरिंगला राजे, राण्या, वाघ, पोपट, पोस्टमन, दोन डॉक्टर आणि एक झाड, असं सगळं माझ्याकडे मिळतं. झाडाला मागणी कमी, कारण ज्या पोराला झाड करतात त्याची आई भांडायला येते. दाढ्या-मिशा मी स्वतः बनवते आणि स्वतः चिकटवते. तीस वर्षांत माझी चिकटवलेली दाढी स्टेजवर निघाली असं कोणी दाखवून द्यावं, मी त्याला वाघ फुकट देईन.

हे सगळे कपडे शिवणारा, उसवलेले जोडणारा, वाघाची शेपटी दर डिसेंबरात नव्याने लावणारा माणूस म्हणजे आमचे मास्टर. टेलर मास्टर. साठीचे, सडपातळ, गुळगुळीत दाढी केलेले. त्यांचं घराणं गावात माझ्या सासरपेक्षा जुनं. आजोबा नमाजाच्या टोप्याही शिवत आणि रामलीलेतल्या माकडांचे जांघियेही. मास्टरांना बोलायचं कमी आणि सुई दातात धरायची सवय जास्त, त्यामुळे त्यांनी हो म्हटलं की नाही म्हटलं ते कळायला वेळ लागतो. मला ते ताई म्हणतात. वयाने मी लहान, पण दुकान माझं.

आमची एक पथनाट्याची मंडळी होती. मी, मास्टर, दूध डेअरीत फॅट मोजणारा एक भाऊ ज्याचा आवाज तापीच्या पलीकडे जातो, आणि येईल तो. दारू, हुंडा, शौचालय, मतदान, जो विषय येईल त्यावर आम्ही नाचलो आहोत. एकदा डेअरीवाला प्रेत झाला होता. तिरडीवर पडलेला, आम्ही सगळे रडतोय, लोकही डोळे पुसतायत, आणि गर्दीतून त्याची बायको ओरडली, “वांगी कितला लेवू?” प्रेत उठून बसलं आणि म्हणालं, “अर्धा किलो बस व्हयनात.” त्या दिवसापासून मी नियम केला. माझ्याकडे काशाची एक थाळी आहे. ती वाजली की नाटक संपलं. थाळी वाजेपर्यंत मेलेला मेलेलाच, दारुडा दारुडाच. घर पेटलं तरी सोंग सोडायचं नाही. शिवाय सगळ्यांचे मोबाईल आणि पाकिटं माझ्या पिशवीत. नियमाचा मला फार अभिमान होता. चार गावांत सांगत फिरले.

मग पुण्याहून एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची, कलाशाळेत शिकलेली. तिला कुठलीशी शिष्यवृत्ती मिळाली होती, लोकांमध्ये राहून लोकांबरोबर कला करायची. ती मला लाइव्ह आर्ट म्हणजे काय ते समजावून सांगायची. स्टेज नाही, तिकीट नाही, रस्ता हेच सगळं. मी म्हटलं, “बाई गं, आमच्याकडे याला नुसतं उद्योग नसणं म्हणतात.” ती मनापासून हसली. मला ती आवडली.

त्या दिवसांत मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. साधूच्या वेशात येतात, भिकाऱ्याच्या वेशात येतात, बहुरूपी बनून येतात. कोणाचं पोर गेलं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण शेजारच्या तालुक्यात गेलं हे सगळ्यांना माहीत होतं. गोधडी विकायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. एका मदाऱ्याला लोकांनी नदीपर्यंत पळवत नेलं. माझ्याकडून नेहमी साधूचे कपडे नेणारा एक जण सगळं परत ठेवून गेला आणि म्हणाला, “आते हाई घाली मरनं नही.”

मुलगी म्हणाली, यावरच काहीतरी करू. पण पथनाट्य नको, लोक ते ऐकतात आणि घरी जातात. असं काहीतरी करू की ते नाटक आहे हे लोकांना कळायलाच नको. बाजारात एक अनोळखी साधू बसेल आणि लोकांचे फाटलेले कपडे फुकट शिवून देईल. बस. कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, फक्त शिवायचं. थोड्या वेळाने आपला एक माणूस गर्दीतून संशय घेईल. लोक वाद घालतील. कोणी म्हणेल चोर आहे, कोणी म्हणेल माझी बाही तर यानेच शिवली. वाद रंगला की थाळी, आणि मग सगळ्यांशी बोलायचं, की बघा, आपण अनोळखी माणसाकडे कसे बघतो.

मला हे इतकं आवडलं की मी टाळी वाजवली. खोटं कशाला सांगू. मास्टरांच्या दातात सुई होती. त्यांनी मान हलवली. ते हो होतं असं मी धरलं.

परवानगी घेतली नाही, कारण परवानगी घेऊन गुपचूप काय करायचं? गाव खांडबारा निवडलं, कारण तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. आज हे वाक्य लिहिताना हात थांबतो. कोणी ओळखत नाही म्हणून आम्ही तिथे गेलो.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीने उतरलो. एका ओळखीच्या गोदामात मी मास्टरांना तयार केलं. भगवी कफनी, गळ्यात माळा, कपाळाला भस्म आणि माझ्या हातची करडी दाढी, छातीपर्यंत. आरशात बघून ते म्हणाले, “मन्ही बायको बी वळखाव नही.” एवढंच. त्यांचा मोबाईल आणि पाकीट मी पिशवीत टाकलं. पाकिटात आधार कार्ड होतं. मी बघितलं नाही, पण त्यांनी देताना म्हटलं, “ताई, कार्ड शे त्यामा. सांभाळा.”

ते स्टेशनच्या रस्त्याकडच्या कडुलिंबाखाली बसले. समोर एक फडकं, त्यावर कात्री, रिळं, बटणांची डबी. आता थाळी घेऊन बाजारात उभी राहिलेली बाई वेडी दिसेल, म्हणून मी हुशारी केली. लिंबापासून तीसेक पावलांवर भांडीवाल्यांची रांग होती. तिथे थाळी घेऊन उभ्या असलेल्या वीस बायका होत्या. मी एकविसावी. स्वतःवर खूश होऊन मी थाळी छातीशी धरली आणि पातेल्यांचे भाव विचारत बसले.

पहिला अर्धा तास, काय सांगू, बघण्यासारखा होता. लोक लांबून बघायचे. मग एका म्हाताऱ्याने खांद्यावरचं धोतर पुढे केलं. मास्टरांनी धागा ओठांनी ओला केला, सुईत ओवला आणि असा काही रफू केला की म्हातारा धोतर उजेडात धरून भोक शोधत राहिला. मग एकीची पिशवी, मग एकाचा खिसा. डोंगराकडच्या दोन बायका त्यांच्या भाषेत आपसांत काही बोलून हसल्या आणि त्यांनी पोलकं पुढे केलं. पुण्याची मुलगी समोरच्या दुकानाच्या पायरीवरून मोबाईलवर चित्रण करत होती. तिने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मास्टरांनीही एकदा वर बघितलं. दाढीच्या आत ते हसत होते, हे मला दाढीच्या हालचालीवरून कळलं.

मग एक पाच-सहा वर्षांची मुलगी येऊन त्यांच्यापुढे बसली. तिचा फ्रॉक खांद्यावर उसवला होता. फ्रॉक अंगावरच होता, त्यामुळे मास्टर तिला जवळ घेऊन, एक हात आतून लावून, सुई टोचणार नाही अशा बेताने शिवत होते. त्यांनी हजार पोरांना गॅदरिंगच्या दिवशी असं उभ्या उभ्या शिवलं आहे. मला त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. डेअरीवाल्यालाही नाही. त्याची वेळ झाली होती. त्याने ठरल्याप्रमाणे तो तापी ओलांडणारा आवाज लावला:

“ओ भाऊसवन, हाऊ बाबा कोन शे? कथाईन उना? फुकटमा कोनी शिवस का? आनि पोरले काबर धरेल शे?”

शेवटचं वाक्य, पोरीला का धरलंय हे, आमच्या संहितेत नव्हतं. समोर पोर दिसली म्हणून त्याने जोडलं. नट होता ना.

बाजाराचा आवाज कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. तो कमी होतो तेव्हा कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. लिंबाखालून शांतता पसरत आली. मिरचीवाल्याने ओरडणं थांबवलं. आणि मग टोमॅटोच्या बाजूने एका बाईची किंकाळी आली. तीच आई. ती दहा मिनिटं पोर शोधत होती.

“मन्ही पोर! मन्ही पोर धरी ऱ्हायना तो!”

तिने पोरीला ओढलं. सुई फ्रॉकात अडकलेली, धागा मास्टरांच्या हातात. पोर रडायला लागली. धागा तुटेपर्यंत त्या दोघांना तो जोडून होता आणि सगळा बाजार तो धागा बघत होता.

मी थाळी वाजवली.

तीन ठोके, नेहमीसारखे. भांडीवाल्याने वर बघितलं आणि म्हणाला, “आवाज चांगला शे ना, माय? आसल कासं शे.” माझ्या डावीकडच्या बाईने तिच्या हातातली थाळी वाजवून बघितली. उजवीकडचीने तांब्या. ती रांगच तशी होती. प्रत्येक बाई भांडं वाजवूनच घेते. मी आणखी जोरात वाजवली, आणि पलीकडचा एक विक्रेता ओरडला की आमच्याकडे याच्यापेक्षा खणखणीत मिळेल. सबंध बाजारात माझी थाळी ऐकू येऊ नये अशी एकच जागा होती आणि ती मी अक्कल चालवून निवडली होती.

लिंबाखाली मास्टर बसूनच होते. हात मांडीवर, मान खाली. लोक विचारत होते आणि ते बोलत नव्हते. कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. थाळी वाजेपर्यंत सोंग सोडायचं नाही. त्यांना थाळी ऐकूच आली नव्हती. माझा नियम पाळणारा आमच्या मंडळीत एकच माणूस होता.

डेअरीवाला घाबरला. तो पुढे घुसला आणि खऱ्या आवाजात ओरडला, “ओ थांबा, थांबा! हाई नाटक शे! आम्ही नाटकवाला शेतस!”

एका दांडगट माणसाने त्याची कॉलर धरली. “पहिले तूच बोंबलना ना, पोरले धरेल शे म्हनी? आते नाटक शे? तू बी त्यानाच माणूस शे का?”

“नही भाऊ, आयक तं…”

थोबाडीत बसली. नंतर डेअरीवाला मला म्हणाला की त्या एका थपडेत त्याला कळलं, खरं सांगण्याची वेळ निघून गेली होती. पायरीवर पुण्याची मुलगी पोलिसांना फोन लावत होती. फोन लागला, गाडी निघते म्हणाले. पण गाडीला रस्ता लागतो. गर्दीला लागत नाही.

मी पळाले. माझं वय आणि माझं वजन लक्षात घेता त्याला पळणं म्हणावं की नाही ठाऊक नाही. गर्दीच्या बाहेरच्या कड्याला लोक हसत होते, मोबाईल वर धरून होते. मधल्या कड्याला लोक एकमेकांना विचारत होते, काय व्हयनं, काय व्हयनं. सगळ्यात आतल्या कड्याला कोणी काही विचारत नव्हतं. तिथे मी पोहोचले तेव्हा मास्टरांची कफनी खांद्यावर फाटली होती. एकाने कात्री उचलून सगळ्यांना दाखवली. “कैची! दखा, कैची शे!” दुसऱ्याने दाढी धरली होती आणि ओढत होता. माझी दाढी. मी तीस वर्षांत पहिल्यांदा देवाला विनवलं की ती निघू दे, आणि त्याच श्वासात विनवलं की निघू देऊ नकोस. निघाली तर हा वेश घेतलेला माणूस ठरेल. नाही निघाली तर हनुवटी निघेल. मास्टरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तरी ते बोलत नव्हते.

मग कोणीतरी म्हणालं, “नाव सांग. आधार कार्ड काढ.”

मी ते कार्ड काखेत घेऊन उभी होते.

मी तुम्हाला सांगते, तेव्हा माझ्या मनात काय काय आलं ते. कार्ड दाखवावं, म्हणजे पत्ता कळेल, नंदुरबारचा, चांगल्या गल्लीचा. कार्ड दाखवलं तर नावही कळेल. साधूचा वेश आणि कार्डावर ते नाव. त्या गर्दीत कोण वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्यात धोतर रफू करून घेतलेला म्हातारा होता. पण त्या क्षणी त्यांच्या भीतीला एक हाडूक हवं होतं, आणि ते माझ्या पिशवीत होतं. मास्टरांनी डोळे वर केले आणि मला बघितलं. मग पिशवीकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. या वेळी मला नक्की कळलं. ते नाही होतं.

अशा वेळी मला दुसरं काहीच येत नाही. मी तोंड उघडलं.

“आठे बठेल शे का रे मन्हा मुडदा!”

हा आवाज माझा नव्हता, माझ्या मोठ्या नणंदेचा होता. मी पदर कमरेला खोचला, समोरच्या दोघांना ढकललं आणि मास्टरांच्या पाठीत एक धपाटा घातला. खरा घातला. खोटा त्यांना वाचवू शकला नसता.

“तीन दिन व्हयनात! घरमा दाना नही, म्हैस बोंबली ऱ्हायनी, आनि हाऊ आठे गोसावी बनी बठना! दखा वं माय, दखा! लोकेसनं फाटेल फुकट शिवस, आनि घरनी गोधडी कोन शिवी, तुन्हा बाप?”

दाढी धरणाऱ्याचा हात सुटला नाही, पण सैल झाला.

“हाऊ तुन्हा नवरा शे?”

“मंग कोना शे? तुले जोयजे का? लई जाय! दोन येळ जेवाले घाल, मंग समजी.”

कुठेतरी मागे एक हसला. एकच. त्या एका हसण्यावर मी लटकले. टेलरचा धंदा सोडून पळाला, म्हटलं. दर वर्षी पळतो, मागच्या खेपेला नवापुरात सापडला. कात्री त्याच्या बापाची आहे, तिच्यासकट पळतो, मी मेले तरी ती सोडायचा नाही. पोरांना लय जीव लावतो, स्वतःला झालं नाही ना. हे मी कुठून काढत होते देव जाणे. दाढीबद्दल विचारतील म्हणून आधीच म्हटलं, “आनि हाई दाढी! नाटकवालाकडथून भाडानी आनी! तिनं भाडं कोन दी?” आणि मी स्वतःच ती ओढली. चिकटवलेली मीच, त्यामुळे कोणत्या कोपऱ्यातून सुटते ते मला ठाऊक. अर्धी निघाली. उरलेल्या अर्ध्या दाढीत मास्टर इतके दीनवाणे दिसले की आता पाच-दहा जण हसले.

पण ती आई हसली नाही. तिने पोरीला कडेवर घट्ट धरलं होतं. तिच्या शेजारी एक म्हातारी होती, बहुधा सासू, तोंडात तंबाखू. ती पुढे आली, माझं कुंकू बघितलं, मंगळसूत्र बघितलं, आणि म्हणाली:

“नवरा शे ना तुन्हा?”

“शे ना, मावशी.”

“मंग नाव ले.”

हसणं थांबलं. सगळ्यांना ते पटलं. बाई नवऱ्याचं नाव खोटं घेणार नाही. आधार कार्डाचं एक वेळ काही खरं नसतं, पण चारचौघांत बाईने घेतलेलं नाव खरं. आणि सरळ नाही घ्यायचं, उखाण्यातच घ्यायचं, हे तर काय सांगायचीच गरज नव्हती.

मला नाव हवं होतं. मास्टरांचं घेता येत नव्हतं. भलतंच बनवावं तर जीभ अडखळेल आणि म्हातारीचे डोळे माझ्या जिभेवरच होते. अडखळल्याशिवाय माझ्या तोंडून येईल असं जगात एकच पुरुषाचं नाव होतं. ते ज्याचं आहे तो त्या वेळी नंदुरबारात आमच्या घरी, पायावर पाय टाकून, टीव्हीवर क्रिकेट बघत होता.

“लाल लाल मिरची, हिरवा तिना देठ,” मी म्हणाले, आणि पदर डोक्यावर ओढला, आणि नाव घेतलं. ते इथे लिहीत नाही, एकदा घेऊन पुरे झालं. “…रावसनी नि मन्ही बाजारमा भेट!”

तीस वर्षांपूर्वी मांडवात घेतलं होतं तेव्हा लाज वाटली होती. आता घेतलं तेव्हा माझ्या पाठीवरून घामाची धार पायापर्यंत गेली.

म्हातारी क्षणभर तंबाखू चघळत राहिली. मग तिने पिंक टाकली. “घर लई जाय वं त्याले. आनि बांधी ठेव.”

आणि मग ते हसले. सगळे. मोठ्याने. मी जन्मभर ज्याच्यासाठी तोंड रंगवलं तो हशा, तसा मला कुठल्याच पटांगणावर मिळाला नव्हता. आणि मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. मास्टरांच्या ओठातून रक्त येत होतं आणि माझ्या आत कोणीतरी वाकून नमस्कार करत होतं. त्या आनंदाची मला आजही भीती वाटते, गर्दीची वाटते त्याहून थोडी जास्त.

त्यांचा कान धरून मी त्यांना स्टेशनकडे नेलं. कान सोडता येत नव्हता, कारण तीन जण मागून येत होते. एकाच्या हातात मोबाईल, दुसऱ्याच्या हातात ती कात्री. फलाटावर आम्ही बाकावर बसलो. ते तिघे चार पावलांवर, खांबाला टेकून. गाडीला वेळ होता. मी कुरकुर चालू ठेवली. म्हैस, गोधडी, दळण. मास्टर खाली मान घालून ऐकत होते.

तेवढ्यात माझ्या पिशवीत मास्टरांचा फोन थरथरला.

बंद करायचा राहिला होता. मी कधीच विसरत नाही, त्या दिवशी विसरले. त्यांच्या फोनवर त्यांनी एक नात लावलेली आहे, नबींची स्तुती. फार सुरेल आहे, दुकानात वाजते तेव्हा मी काम थांबवून ऐकते. पहिला आलाप सुरू होता होता मी पिशवीत हात घालून सगळी बटणं एकदम दाबली. आवाज गेला. फोन तळहातात थरथरत राहिला. स्क्रीनवर लिहिलं होतं, घर.

“बाई,” कात्रीवाला म्हणाला, “फोन वाजी ऱ्हायना ना.”

“वाजू दे,” मी म्हटलं. “सासू शे. तू बोलस का?”

तो हसला. फोन पुन्हा आला. पुन्हा आला. मास्टरांच्या बायकोला त्यांच्या दुपारच्या गोळीची आठवण करून द्यायची असते, ती सोडत नाही. पाच वेळा आला. पाचही वेळा मी तो मुठीत दाबून ठेवला आणि एका बाईने आपल्या नवऱ्याला घातलेली हाक माझ्या हातात विझत राहिली. मास्टरांना कळत होतं कोण आहे ते. ते रुळांकडे बघत होते.

गाडी आली तेव्हा कात्रीवाला पुढे झाला. मला वाटलं, आता. त्याने कात्री मास्टरांच्या मांडीवर ठेवली. “ले बाबा. बापनी शे ना. संभाळ.” आणि लाजल्यासारखा हसला.

डब्यात आम्ही समोरासमोर बसलो. पुण्याची मुलगी आणि डेअरीवाला पोलिसांची गाडी यायच्या आधीच दुसऱ्या डब्यात चढले होते, ते पुढच्या स्टेशनला आमच्याकडे आले. मुलगी मास्टरांच्या पायाशी बसून रडली. मास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला. मी उरलेली दाढी तेल लावून सोडवली. कातडी लाल झाली होती. मग त्यांनी बायकोला फोन लावला आणि तिला सांगितलं, “हाँ, खा ली गोली.” खाल्ली नव्हती.

नंदुरबार जवळ आल्यावर मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मला माहीत असणं भाग होतं.

“मास्टर, मी पोहोचले नसते, आणि त्यांनी परत नाव विचारलं असतं, तर काय सांगणार होता?”

“मन्हंज,” ते म्हणाले. “दुसरं सांगीसन मरी जातू तर घरना लोके माले लेवाले कसा येतात? कोन म्हनी लई जातात?”

मी पिशवीतून त्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

बाजारातल्या कोणीतरी काढलेला व्हिडिओ तिसऱ्या दिवशी मोबाईलवर आला. साधू बनून पळालेल्या नवऱ्याला बायकोने बाजारात पकडलं. खाली हसणारे चेहरे, ओळीने. माझ्या खऱ्या नवऱ्याला तो त्यांच्या निवृत्त लोकांच्या ग्रुपवर मिळाला. त्यांनी दोनदा बघितला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितला आणि म्हणाले, “मांडवात याच्या निम्म्या आवाजातसुद्धा घेतलं नव्हतं.” मग माझा चेहरा बघून उठले आणि चहा करून आणला. जन्मात पहिल्यांदा. साखर नव्हती, पण आणला.

मी मात्र हसू शकले नाही. त्या व्हिडिओत मास्टरांचा अर्धा चेहरा उघडा आहे. कोणीही, केव्हाही, खाली लिहू शकतं की मी याला ओळखतो, याचं नाव हे, आणि ही याची बायको नव्हे. मग खांडबाऱ्याच्या लोकांना कळेल की त्यांना फसवलं. मी महिनोन् महिने तो उघडून खालची नवी ओळ वाचते. एकदा कोणी लिहिलं होतं, “हा आमच्या गावच्या टेलरसारखा दिसतो.” दोन दिवस मी दुकान उघडलं नाही. पुढे कोणी काही लिहिलं नाही. अजून तरी.

टोळीची अफवा आता विरली आहे, पण तशा अफवा पुन्हा येतात, उन्हाळ्यात विंचू येतात तशा. पुण्याची मुलगी फोन करते. तिचं म्हणणं, आपण परत जाऊन त्या लोकांना सगळं सांगायला हवं, नाहीतर आपण त्यांना अफवेऐवजी खोटं देऊन आलो. मी म्हणते, बरोबर आहे गं, आणि विषय बदलते. मला वाटलं होतं मास्टर माझ्या बाजूने असतील.

गेल्या आठवड्यात ते शिवता शिवता म्हणाले, “ताई, खांडबाराले परत जाऊत.”

“कशाला?”

“शिवाले. मन्हा रोजना कपडा घाली. पाटीवर मन्हं नाव लिखी देवा, मोठं. मंग ज्याले जे सांगनं ते सांगूत.”

सुई दातात नव्हती. त्यामुळे नीट ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, बघू. ते रोज सकाळी विचारतात आणि मी रोज काहीतरी कारण काढते. गॅदरिंगचे दिवस आहेत. माझे गुडघे दुखतात. डेअरीवाल्याला रजा नाही. पाटीसाठी कोरा पत्रा त्यांनी स्वतःच आणून ठेवला आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसते. मी, जिने भर बाजारात परक्या माणसाला नवरा केलं.

काल म्हटलं, “सध्या मिरचीचा हंगाम आहे, मास्टर. बाजारात फार गर्दी असते.”

त्यांनी धागा तोडला आणि माझ्याकडे बघितलं.

“गर्दीमाज तं बसनं शे ना, ताई.”

मी अजून दिवस सांगितलेला नाही.